राजक्काच्या हाताला टिकंल अशी पेटी

राजक्का भाकरी थापायला बसली की पलीकडच्या सारजाबाईला बसल्या जागी कळतं. सास्तूरचं भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव ऐसपैस आहे. घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत, मधी सरळ रस्ता, रस्त्याच्या कडंला कुणाची तरी बैलगाडी सोडलेली. तरी थाप ऐकू जाते. "राजक्काचा सैपाक लागला गं बाई," म्हणत सारजाबाई आपला गॅस पेटवते.

त्याच हातानं राजक्का पेटी वाजवते. एवढं ध्यानात घेतलं की पुढं काय काय झालं असंल ते निम्मं तुम्हाला इथंच कळेल.

तिचं खरं नाव राजेश्वरी. बाप गुरुसिद्धप्पा. मठातल्या शिवभजनात पेटी वाजवायचा. ती पेटी म्हणजे एक नमुना होता. भात्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं, पट्ट्या फुगून घट्ट बसलेल्या. हळू दाबली तर पट्टी खाली जायलाच तयार नसायची. त्यात आजूबाजूला टाळकरी असे, की ढेकूण मारायला बसल्यासारखे टाळ हाणायचे. अशा पेटीवर अशा गर्दीत पोरगी शिकली. हाणलं तरच सूर निघतो, आणि हाणलं तरच तो कुणाच्या कानात जातो, एवढे दोन धडे तिच्या बोटात बसले ते कायमचे. वर ज्वारीच्या भाकरीनं हाताला वजन आणलं ते वेगळंच.

पोरगी सासरी गेली, पोरगं पुण्याला कंपनीत लागलं, आणि घर गप्प झालं. तेव्हा राजक्का खाजामियाँच्या बँजो पार्टीत चढली. चढली म्हणजे खरंच चढली, कारण पार्टी टेम्पोवर असते. स्पीकरचे डबे, वर कर्णे, एक बँजोवाला, दोन ढोलवाले, त्यातला एक खाजामियाँचा पोरगा समद, आणि मधोमध लोखंडी स्टँडवर कीबोर्ड ठेवून राजक्का. डोक्यावर पदर, पदराला पिन. सुरुवातीला चार लोकांनी नाकं मुरडली. मग तिचं वाजवणं ऐकलं आणि त्याच चौघांनी आपापल्या घरच्या लग्नाला खाजामियाँकडं सुपारी दिली, वर अट घातली, "अक्का पायजे."

पण कीबोर्ड टिकंना.

पहिला गेला तो मधल्या पट्टीपासनं. पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही. दुसऱ्याच्या पट्ट्या एका बाजूला कलल्या, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारख्या. तिसऱ्याच्या अंगाला मधोमध भेग पडली. ती राजक्कानं चिकटपट्टी लावून एक अख्खा मोसम झाकली. चौथ्यानं मात्र अब्रूच काढली. लोहारा गावात एक लग्न होतं. नवरी निघायची वेळ, आयाबाया डोळ्याला पदर लावून उभ्या, राजक्का मन लावून सनईचा सूर वाजवायली. आणि तेवढ्यात एक पट्टी मोडून आत अडकली. सूर थांबंनाच. ट्रकचा हॉर्न दाबून धरल्यासारखं एकच पीऽऽऽ. रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. नवरीनं मान वर केली, आणि पहिल्यांदा तीच फिसकन हसली. मग सगळा मांडव हसला. नवरीचा बाप तेवढा हसला नाही.

 सास्तूर आल्यावर टेम्पोतनं उतरताना खाजामियाँ म्हणले, "अक्का, एक बात बोलू का? राग नको."

"बोला की चाचा."

"तुमी वाजवता तसं ह्या मुलखात कोन वाजवत न्हाय. हौ, ये सच्ची बात है. पर मशीन मोडली की इज्जत माझी जाते." त्यांनी कुडत्याच्या खिशातनं एक पेनड्राईव्ह काढला. "समद बोलतो, ह्यात सगळी गानी भरलेली हायत. न जेवायला मागतं, न मोडतं. ईट गावच्या बलभीमरावाच्या पोराची वरात हाय. त्येनी तुमचं नाव घेऊन सुपारी दिलीय. तिथं मशीन टिकली तर तुमी हाय तिथं हाय. न्हाय टिकली, तर मग टेम्पोतली ती जागा ह्येची."

राजक्कानं त्या नखाएवढ्या वस्तूकडं बघितलं. "ह्येला घाम तरी येतो का चाचा?"

"न्हाय येत. म्हनून तर."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा पंचाक्षरी. बोलायला कंजूष, पण बैलाच्या पारखीत त्याचं नाव. बाजाराला जाताना लोक त्याला मोटरसायकलवर मागं बसवून नेतात, आपला बैल तो बघून देईल म्हणून. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणला, "आजपातूर तू पेट्या कशा घेतल्यास?"

"कशा म्हंजी? दुकानात गेले, आवाज ऐकला, घेतली."

"शिंगं बघून बैल घेतल्यावानी झालं. म्या येतो."

दोघं एसटीनं सोलापूरला गेले. वाद्यांचं दुकान मोठं होतं, मालकाचं नाव उमाशंकर. माणूस गोड आणि आपल्या धंद्यात पक्का. त्यानं आधी सगळं विचारून घेतलं. कुठं वाजवता, किती वेळ, कशावर ठेवता. राजक्कानं सांगितलं, टेम्पोवर, उन्हात, धुरळ्यात, जनरेटरवर, आणि हाणून.

"हाणून म्हणजे?"

राजक्कानं दारातल्या झगमगत्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी एक सूर मारला. कीबोर्ड स्टँडसकट वीतभर सरकला. त्याचे लाल-निळे दिवे एकदा विझून पुन्हा लागले.

"कळालं," उमाशंकर म्हणाला आणि त्यानं तो कीबोर्ड हळूच तिच्यापासनं लांब केला.

मग पंचाक्षरीनं काम हातात घेतलं. पहिला नग त्यानं एका टोकाला धरून उचलला. प्लास्टिक कुरकुरलं. "कण्यात दम न्हाय," म्हणून खाली ठेवला. दुसरा लाकडी पायांचा, देखणा, दिवाणखान्यात शोभंल असा. त्याच्याभोवती एक चक्कर मारून तो म्हणला, "ह्यो गोठ्यातच बरा. वाटंला लावायचा न्हाय." तिसरा हलका होता. पट्ट्या चांगल्या वजनदार, राजक्काला तो आवडला पण होता. पंचाक्षरीनं खाली वाकून मागची बाजू बघितली. "वीज कुठनं खातो ह्यो?"

उमाशंकरनं काडीएवढी बारीक पिन दाखवली. वायरीला मधी एक डबी.

"ढोलवाल्याचा पाय ह्या वायरीत अडकला तर?"

"तर पिन आत मोडते," उमाशंकरनं सरळ सांगितलं. "मी खोटं बोलणार नाही. घरी वाजवणाऱ्याला हा उत्तम आहे. तुमच्या टेम्पोला नाही." आणि मग त्यानं आतल्या खोलीतनं, गड्याच्या मदतीनं, चौथा आणला.

काळा, साधा, अंगावर दिवे नाहीत, गाणी नाहीत, बटणं मोजकीच. स्टेज पियानो. अंग पत्र्याचं, कोपरे जाड. उमाशंकरनं तो पालथा करून दाखवला. "हे बघा, वायरी जोडायची भोकं नुसती आतल्या पाटीला चिकटवलेली नाहीत, बाहेरनं नट लावून अंगाला आवळलीत. हिसका बसला तर अंगाला बसतो, आतल्या नाजूक कामाला नाही. वीज घ्यायचं सगळं पोटात आहे, बाहेर डबी नाही. प्रत्येक पट्टीच्या मागं एक हातोडी आहे, ती वर उचलावी लागते म्हणून पट्टी जड लागते. आणि पट्टी मोडली तर ती एकच बदलता येते. इथंच, माझ्याकडं. अख्खा नग फेकायचा नाही."

पंचाक्षरीनं एक पट्टी दाबली, सोडली. परत दाबली. मग ती धरून डावी-उजवीकडं हलवून बघितली. शेवटी सगळ्या पट्ट्यांवरनं या टोकापासनं त्या टोकापर्यंत हात फिरवला, बैलाच्या पाठीवरनं फिरवतात तसा. मग मागं सरला. "आता तू जुंप."

राजक्का उभी राहिली. आधी तिनं सवयीनं हाणलं. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, एवढा आवाज भरला. तिनं आणखी जोरात मारलं. आवाज आणखी वाढला. ती थबकली. मग अगदी एका बोटानं, पिठात मीठ टाकावं एवढं हळू दाबलं. तेवढाच बारका सूर आला.

"अवो," ती म्हणली, "ह्यो आयकतोय."

"म्हंजी?"

"आधीच्यांवर कितीबी मारा, एका बेतानंतर आवाज तेवढाच. मला वाटायचं म्याच कमी पडायले. म्हनून म्या आनिक मारायची. ह्येला जेवढं द्यावं तेवढं परत देतोय."

उमाशंकर हसला. "बाई, त्याच्यात एक सोय पण आहे. हाताच्या वजनाप्रमाणं ठरवता येतं. तुमच्यासाठी सगळ्यात जड हातावर लावून देतो. आणि एक नीट ध्यानात ठेवा, ह्याला स्वतःचा स्पीकर नाही. बाहेरच्या स्पीकरला जोडल्याशिवाय हा बोलत नाही."

सौद्याच्या वेळी पंचाक्षरीनं खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि हात पुढं केला. बाजारात टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरतो. उमाशंकरला वाटलं, गिऱ्हाईक लई खूश झालंय. त्यानं तो हात टॉवेलासकट धरून जोरजोरात हलवला, आणि पंचाक्षरी आत त्याची बोटं चाचपत राहिला. राजक्कानं तोंडावर पदर घेतला. "सोडा की आता त्येंचा हात," ती नवऱ्याला म्हणली, "त्येंना बिल करायचंय."

इथवर सगळं नीट होतं. चूक झाली ती बांधाबांधीत.

पंचाक्षरीच्या घरात एक रीत आहे, त्याच्या आज्यापासनं. विकत घेतलेल्या जनावराबरोबर विकणाऱ्याचं दावं घरी आणायचं नाही. त्याचं दावं त्याला परत द्यायचं आणि आपल्या घरनं नेलेल्या दाव्यानं बांधून आणायचं. नाहीतर जनावर जुन्या गोठ्याची वाट बघत राहतं. तो सोलापूरला येताना पांढरंशुभ्र नवं दावं पिशवीत घेऊन आलाच होता. राजक्का बिलापाशी, उमाशंकर आत. गड्यानं खोका सुतळीनं आणि पट्ट्यांनी बांधलेला, वर त्याच सुतळीत एक काळं भेंडोळं खोचलेलं. पंचाक्षरीनं ते सगळंच्या सगळं सोडलं, नीट गुंडाळलं, काउंटरच्या कोपऱ्यात ठेवलं, आणि खोका आपल्या दाव्यानं बांधला. गाठ अशी मारली की एसटीच्या टपावर खोका तसूभर हलला नाही.

घरी सारजाबाईनं हळदकुंकू आणलं. नारळ फुटला. मठातला स्पीकर आणून ठेवलेला. शेजारपाजार गोळा झाला. राजक्कानं पियानो चौरंगावर ठेवला, मागं हात घातला, आणि खोक्यात बघायला लागली. मग खोका उलटा केला. मग झटकला.

"अवो, विजेची वायर कुठाय?"

पंचाक्षरी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "कसली वायर?"

"काळी. जाड. खोक्याला वर खोचलेली."

त्यानं टॉवेल या खांद्यावरनं त्या खांद्यावर टाकला. "दाव्यासंगं दिली."

"कुणाला?"

"ज्येची त्येला."

सारजाबाई खाली बसूनच हसायला लागली. राजक्का मात्र भडकली. "ईटची वरात परवा हाय! चाचा खिशात ते नखाएवढं घेऊन बसलेत, आन तुमी त्येला दावं समजून देऊन आलाव? बैल हाय का ह्यो? रातचा उठून सोलापूरला पळून जाईल का?"

"न्हाय जानार," पंचाक्षरी खालच्या आवाजात म्हणला. "वायरच न्हाय तर कसा जाईल?"

ह्यावर तिला पण हसू आलं आणि राग अर्धा उतरला. उमाशंकरला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, "ताई, घाबरू नका. मी पार्सलनं पाठवतो, पण तोवर अडायचं काही कारण नाही. ही वायर वेगळी नसते. कॉम्प्युटरला लागते तीच. म्हणून तर म्हणलं, वीज पोटात असलेला घ्या. बारीक पिनेच्या डबीचा घेतला असता तर खरंच अडला असता."

गावात कॉम्प्युटर चालू होता तो दूध डेअरीत. पंचाक्षरी स्वतः गेला आणि संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर वायर घेऊन आला. डेअरीवाल्यानं त्याला काय काय ऐकवलं ते त्यानं घरी सांगितलं नाही. वायर लागली, पियानो बोलला, आणि राजक्कानं बापाचं शिकवलेलं पहिलं भजन वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वायर परत, दूध मोजायला. तालुक्याला जाऊन तशाच दोन नव्या आणल्या, एक टेम्पोसाठी, एक घरासाठी.

ईटला निघायच्या दिवशी पियानो टेम्पोत चढवायला पंचाक्षरी आणि समद दोघं लागले. खाजामियाँ कमरेवर हात ठेवून बघत होते. "अक्का, ये पेटी हाय का जातं? टेम्पोचे टायर बसले माझे."

"जात्याला कुनी मोडल्यालं बघितलंय का चाचा?"

"न्हाय बघितलं. पर जात्यावर वरातबी न्हाय बघितली."

येरमाळ्याला चहाला थांबले. सगळ्यांनी तिथनंच डोंगरावरच्या येडेश्वरी देवीला हात जोडले. खाजामियाँनी चहाचा कप खाली ठेवला आणि खिसा चाचपला. पेनड्राईव्ह जागेवर होता. राजक्कानं बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

ईटला ऊन उतरायच्या वेळी वरात निघाली. बलभीमराव स्वतः फेटा बांधून पुढं. पोरं नाचायली, बायका गच्चीवर, हलगीवाले वेगळे, त्यांचा कडकडाट वेगळा. राजक्का टेम्पोवर उभी राहून वाजवायली, आणि हाताला सैल सोडून वाजवायली. पत्र्याच्या अंगातनं सूर असा निघत होता, की हलगीवाल्यांनीच एकदा मागं वळून मान डोलावली. समदनं ढोलावरनं तिला खूण केली, झकास.

आणि पुढच्या गल्लीत नळाच्या पाइपासाठी खोदलेली चर होती. वरनं माती टाकून बुजवलेली, पण कच्ची. टेम्पोचं मागचं चाक त्यात गेलं. गाडी एका अंगाला कलली, राजक्कानं नेमका तेव्हाच दोन्ही हातांनी समेवर सूर मारला, आणि लोखंडी स्टँडचे दोन्ही पाय दुमडून बसले. पियानो कोपऱ्यावर आपटला. धाडदिशी. घरांच्या खिडक्यांच्या काचा हलाव्यात असा आवाज झाला.

ढोल थांबले. पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. खाजामियाँचा हात खिशाकडं गेला. पंचाक्षरी टेम्पोच्या मागनं चालत होता, तो कठड्याला धरून वर चढला. बलभीमराव वळून बघायला लागले.

राजक्का काही क्षण खाली पडलेल्या त्या काळ्या धुडाकडं बघत राहिली. मग तिनं साडी आवरली, टेम्पोच्या पत्र्यावर मांडी घातली, पियानो ओढून सरळ केला आणि एक पट्टी दाबली.

सूर आला.

दुसरी. तिसरी. डावीकडनं उजवीकडं सगळ्यांवरनं हात फिरवला. सगळे सूर आपापल्या जागी. पत्र्याच्या एका कोपऱ्याला तेवढा पोचा आलेला. "ठोका वो समदभाई!" ती ओरडली, "बघायलाव काय?"

मांडी घालून वाजवणं तर तिच्या हाडात होतं. मठात ती तशीच बसायची. उभं राहून वाजवताना जेवढा जोर बोटात पोचत होता त्याच्या दुप्पट जोर आता खांद्यातनं उतरायला लागला. टेम्पो चरीतनं बाहेर काढायला पोरं पुढं झाली, तर ती ढकलता ढकलता नाचायली. बलभीमरावांचा फेटा सुटला आणि तो बांधायला कुणाला उसंत नव्हती. कोपऱ्याला पोचा आलेला पियानो घरापर्यंत बोलत गेला. नवरा-नवरी उंबऱ्यात गेली तरी लोक टेम्पोपासनं हलंनात.

खाजामियाँनी पेनड्राईव्ह समदच्या हातात दिला. "घरी टीव्हीला लाव. तुझी अम्मी ऐकेल."

मुक्काम ईटलाच होता. सकाळी परत निघाले. येरमाळ्याच्या अलीकडं हायवेला एक वेल्डिंगचं दुकान लागलं, तिथं खाजामियाँनी टेम्पो बाजूला घ्यायला लावला. कुणाला काही सांगितलं नाही. वेल्डर चष्मा कपाळावर सारून बाहेर आला.

"ह्या टेम्पोच्या पत्र्यावर अँगलची चौकट बसवायची," खाजामियाँ म्हणले. "नट-बोल्ट नको. जोडूनच टाक, पक्की. काढायची भानगड नको."

"कशासाठी?"

"ही पेटी ठिवायला. आन उंची उभ्या मानसाची न्हाय, बसल्या मानसाची. खाली गादी येनार."

राजक्का टेम्पोतच होती. तिच्या कानावर सगळं पडत होतं, पण ती पियानोच्या पोचा आलेल्या कोपऱ्यावरनं फडकं फिरवत राहिली.

वेल्डर एका हातानं पियानो उचलून बघायला गेला आणि ठेवून दिला. "लई जड की हो. वजन किती धरू?"

खाजामियाँनी पियानोकडं बघितलं. मग राजक्काच्या हाताकडं. "पेटीचं एक धर. आन अक्काच्या हाताचं वेगळं धर."

पंचाक्षरी मान खाली घालून हसला. वेल्डर टेप घेऊन टेम्पोत चढला. "बसा अक्का, माप घेऊ द्या."

राजक्कानं फडकं बाजूला ठेवलं आणि मांडी घातली. "वाजवताना बसते तशी बसू, का नुसतीच?"

"वाजवताना बसता तशी."

मग ती थोडी पुढं झुकली, दोन्ही हात हवेत धरले, आणि वेल्डरनं तिच्या मनगटाखाली टेप लावला.